ठेवीचं मत

चौकीवरून,
६ ऑक्टोबर २०२४

आबा,

पायांवर डोकं ठेवतो. मी बरा आहे. नाक, कान, पायाची बोटं सगळी जागेवर आहेत. हे आधी लिहितो, कारण पत्र हातात आलं की तुम्ही पहिलं तेच शोधता.

इथं बर्फ सुरू झालं. खालचा रस्ता आता बंद होईल, मग डाक फक्त हेलिकॉप्टरनं. ढग असले की तेही नाही. मोबाईलचा टॉवर मागच्या महिन्यात वाऱ्यानं आडवा केला, तो अजून उभा राहिलेला नाही. तसंही आपल्या माळावर रेंज कुठं आहे? वेल्ह्यातला तुमचा डोंगर आणि माझा डोंगर, दोघांचं सारखंच. पत्रंच बरी.

एक काम सांगतो. विधानसभेची निवडणूक दिवाळीच्या आगेमागे लागेल असं म्हणतात. फौजेत आलो त्याला बारा वर्षं झाली, पण माझं मत एकदाही मोजलं गेलेलं नाही. दर वेळी टपाली मतपत्रिका येते, मी खूण करतो, साहेबांची सही घेतो, पाकीट बंद करून पाठवतो, आणि ते पोहोचतं मोजणी झाल्यावर. उशिरा आलेलं पाकीट फोडायचंच नाही, असा कायदा आहे. ते तसंच बाजूला ठेवतात. आपलं मत कुठल्या तरी कपाटात बंदच्या बंद पडून आहे, हे मला फार लागतं. निम्मं आयुष्य देशाच्या कडेला उभं राहून काढायचं आणि आपल्या तालुक्यात आपण कुठं मोजलेच जायचं नाही.

इथल्या कारकुनानं दुसरी वाट सांगितली. सैनिकाला आपल्या मतदारसंघातल्या एका माणसाला नेमता येतं. त्या माणसानं केंद्रावर जायचं आणि सैनिकाच्या वतीनं बटण दाबायचं. प्रॉक्सी म्हणतात त्याला. मी तुमचं नाव दिलं आहे. कागद ह्याच पाकिटात आहे, माझी आणि साहेबांची सही झालेली आहे. तुम्ही भोरला जाऊन मॅजिस्ट्रेटसमोर सही करायची आणि निवडणुकीच्या कचेरीत तो द्यायचा. ताईला उत्रोलीला निरोप धाडा, धनाजी दाजी बरोबर येतील.

मत कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा. करडू जगेल की नाही हे तुम्ही नुसतं बघून सांगता. उमेदवारांत त्याहून अवघड काय असणार?

प्रेरणावहिनी गेल्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलं होतं. बाळंतपणात असं कसं झालं? ज्ञानू कसा आहे? आम्ही चुलतभाऊ एका घोंगड्यात झोपून मोठे झालो, आणि मला त्याच्या बायकोच्या मातीला येता आलं नाही. त्याला माझं सांगा.

तुमचा,
सिद्धनाथ

---

कारवीचा माळ,
२५ ऑक्टोबर

चि. सिद्धा यास आबाचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र खालच्या गावात सखूबाईच्या दुकानात साखरेच्या पोत्यावर आठवडाभर पडून होतं. पोस्टमन डोंगर चढत नाही आणि मी रोज उतरत नाही, त्यामुळे दोघांचं बरं चाललं आहे. माझं अक्षर लावून घे. चौथीनंतर हातात काठी आली ती आलीच.

कागदाचं काम झालं. धनाजीबरोबर भोरला गेलो. मॅजिस्ट्रेट चांगला होता. म्हणाला, "आजोबा, नीट वाचा, मगच सही करा." मी म्हटलं, "सायेब, पोराचं हाय. न वाचताबी करीन." तो हसला, पण वाचायला लावलंच. वाचताना छाती भरून आली. तुझं नाव, खाली माझं नाव, आणि मधे सरकार. तुझी आई असती तर कागदाला हळदकुंकू लावून बसली असती.

काळी शेळी व्याली. दोन करडं, दोन्ही धट्टीकट्टी. नाचणी बरी आहे, रानडुकरांनी ठेवली तेवढी. तुझ्या लग्नाचं मी ह्या पत्रात मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की तुझं उत्तर उशिरा येतं.

ज्ञानू बरा आहे. जेवतो. फार बोलत नाही. वाडीत निवडणुकीचंही सध्या कुणी बोलत नाही.

एक विचारायचं होतं. तू मुलूख बघितलेला माणूस. समज, कुणी विश्वासानं आपल्याकडं वस्तू ठेवायला दिली. आणि आपण आपल्या वस्तूबद्दल चारचौघांत काही शब्द देऊन बसलो असलो. तर तो शब्द त्या ठेवीलाही बांधतो का? मला वाटतं, बांधत नाही. सहज विचारलं. शेरडांमागं बसलं की डोक्यात काहीबाही येतं.

पायांत लोकर घाल.

आबा

---

उत्रोली,
४ नोव्हेंबर

सिद्धा,

काल भाऊबीज झाली. तुझ्या वाटचं चंद्राला ओवाळलं. चंद्रानं ताटात काही टाकलं नाही, ते तुझ्याकडून घेईन.

आता मुद्द्याचं. आबा तुला काही कळवत नाहीत आणि मला म्हणतात, पोरगं एवढ्या लांब आहे, त्याच्या जिवाला घोर कशाला. मला हे पटत नाही, म्हणून लिहिते.

प्रेरणा श्रावणात अडली. पाऊस असा की समोरचं दिसेना. घोंगड्याची डोली केली आणि चौघांनी उचलली. त्यात पुढच्या खांद्याला आबा होते, ह्या वयात. निम्म्या उतारावर कातळापाशी डोली टेकवली तेव्हाच ती गेली होती. सगळ्यांना कळलं होतं, पण कुणी तोंडातून काढलं नाही. गाडीरस्त्यापर्यंत तिला तशीच नेली. बाळही गेलं. रस्ता वरपर्यंत असता तर गाडीनं अर्ध्या तासात भोर गाठलं असतं, आणि तो रस्ता आपण लहान होतो तेव्हापासून होणारच आहे.

तेराव्यानंतर अख्खा माळ बिरोबापुढं बसला. ज्ञानूनं भंडाऱ्याच्या हळदीची परडी पुढं ठेवली आणि म्हणाला, "रस्ता हुईस्तवर ह्या माळावरच्या एकाबी माणसाच्या बोटाला शाई लागणार न्हाई. ज्याला पटतंय त्यानं भंडारा उचलावा." सगळ्यांनी उचलला. पहिला आबांनी. आपल्यात भंडारा उचलणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. कोर्टातली शपथ मोडणारा माणूस जामिनावर तरी सुटतो.

आणि त्यावर तुझा तो कागद आला.

काल सणाला आबा इथं आले होते, जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलले. म्हणाले, "भंडारा म्या माझ्या मताचा उचलला. सिद्धाचं मत माझं न्हाई. ती ठेव हाय. दुसऱ्याची ठेव बुडवीन असा शबुद म्या कुठं दिला?"

मी म्हटलं, "आबा, हे माळावर कोण ऐकून घेणार?"

"म्हणून तर कुणाला सांगितलं न्हाई," म्हणाले आणि ताट सारून उठले.

ते जाणार, सिद्धा. वीस तारखेला ते खाली उतरणार आणि तुझं मत देऊन येणार. आणि माळावर त्यांचं पाणी तुटणार. त्यांच्याजवळ दुसरं आहे काय? शेरडं आणि ती माणसं. इथं उत्रोलीत दोन दिवस राहिले की तिसऱ्या दिवशी भातखाचरांकडं बघून म्हणतात, "हितं सगळं सपाट हाय, नजर ठरत न्हाई." ती माणसं तुटली तर ते कुणाशी बोलतील? मी सांगून उपयोग नाही. ठेव ज्याची आहे त्यानंच त्यांना मोकळं करायला हवं. लवकर लिही.

तुझी,
वर्षाताई

---

चौकीवरून,
१२ नोव्हेंबर

आबा,

ताईनं सगळं कळवलं. तिच्यावर रागावू नका.

मला हे माहीत असतं तर मी कागद पाठवलाच नसता. मागच्या सुट्टीत मी निघालो तेव्हा प्रेरणावहिनी कातळापर्यंत पोचवायला आली होती. नाचणीच्या लाडवांचा डबा हातात देऊन म्हणाली होती, "भावजी, डबा परत आणा, मला दुसरा न्हाई." तो डबा इथं माझ्या खाटेखाली आहे. तुम्ही तिला त्याच कातळावर टेकवलं, हे ताईच्या पत्रात वाचलं आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मीही माळावरचाच आहे. इथं भंडारा नाही. युनिटच्या देवळात हळद असते, ती मी उचलली. रस्ता होईपर्यंत माझंही मत नाही. नेमणूक रद्द केल्याचा कागद आज साहेबांसमोर सही करून दिला. तो कागद भोरला आणि हे पत्र तुम्हाला, दोन्ही एकाच थैलीतून जातील. हवा ठीक राहिली तर वेळेत पोहोचतील. दुसरी वाट माझ्याकडं नाही.

तुम्ही विचारलं होतं, शब्द ठेवीला बांधतो का. मला त्याचं उत्तर येत नाही. पण ठेव ज्याची असेल त्याला ती परत मागता येते. आबा, मी माझी ठेव परत मागतो. केंद्रावर जाऊ नका. बिरोबापुढं सगळ्यांच्या बरोबर बसा, आणि ज्ञानूला सांगा की सिद्धानंही उचलला.

तुमचा,
सिद्धा

---

कारवीचा माळ,
२१ नोव्हेंबर

चि. सिद्धा यास आबाचा आशीर्वाद.

तुझं मत पडलं. आता कुठल्या कपाटात नाही, थेट यंत्रात पडलं. शिट्टी वाजली ती मी ह्या कानांनी ऐकली.

ताईनं तुला काय काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. तिच्या पोटात काही राहत नाही. त्यामुळे लपवत नाही. भंडारा मी उचलला आहे आणि तो मोडलेला नाही. माझं मत मी दिलं नाही, फक्त तुझं दिलं.

काल सकाळी शेरडं शेजारच्या चंद्राबाईच्या हवाली केली. म्हटलं, खाली दवा आणायला जातो. म्हातारपणी खोटं बोलायची वेळ आली. खालच्या शाळेत केंद्र होतं. टेबलाशी बसलेल्या बाईंनी दोन-दोनदा यादी बघितली. त्यांनाही असं मत पहिल्यांदाच आलं असावं. मग म्हणाल्या, "आजोबा, सिद्धनाथ यांचं मत तुम्ही देणार?"

"व्हय."

"आणि तुमचं स्वतःचं? तेही देता येईल."

"ते न्हाई. ते शबदात अडकलंय."

त्यांनी यादीवर खूण केली. शाईसाठी मी डावा हात पुढं केला आणि रीतीप्रमाणं पहिलं बोट काढलं, तर म्हणाल्या, "हे नाही. दुसऱ्याच्या वतीनं मत देणाऱ्याच्या मधल्या बोटाला शाई लावतात. कायदाच तसा आहे." सिद्धा, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे माझ्या डोक्यातलं वेडं नव्हतं. कायदा करणाऱ्यालाही कळत होतं की ही दोन बोटं वेगळी. माझं बोट कोरंच राहिलं आणि तुझ्या मताची शाई त्याच्या शेजारी.

कुणाला दिलं ते लिहीत नाही. पत्र चार हातांतून जातं, आणि सखूबाई पाकीट उजेडाला धरून बघते असा मला संशय आहे. तू आलास की कानात सांगेन. तुझं आहे, तुला कळलंच पाहिजे.

येताना झऱ्यावर पाणी प्यायला वाकलो. ज्ञानू तिथं म्हशी पाजत होता. ओंजळ तोंडाला लावली आणि त्यानं हात बघितला. "काका, हे काय?" म्हणाला.

"सिद्धाचं हाय. माझं बोट बघ, कोरं हाय."

त्यानं आधी म्हशी बाजूला हाकल्या. मग म्हणाला, "बोट ते बोट, काका. दुसऱ्या कुणाचं असतं तर म्या शिव्या घातल्या असत्या. पर प्रेरणाला नेताना तुमचा खांदा व्हता." आणि म्हशी घेऊन गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आजपासून आपली शेरडं पाळीत नाहीत. वाडीचा कळप एकत्र जायचा, रोज एका घराची पाळी, ते माझ्यापुरतं संपलं. मी माझी घेऊन पलीकडच्या अंगाला जातो. बरंच आहे. शेरडांना माझं बोलणं आवडतं, मध्ये तोंड घालत नाहीत. तू वाईट वाटून घेऊ नको. तुझी वस्तू तुला पोचली, मला एवढंच करायचं होतं.

आबा

---

चौकीवरून,
३ डिसेंबर

ताई,

आबांचं पत्र आज आलं. त्यांनी मत दिलं.

मी बारा तारखेलाच त्यांना जाऊ नका म्हणून लिहिलं होतं. नेमणूकही रद्द केली होती. पण थैली इथंच पडून राहिली. ढग हटले नाहीत, आणि हेलिकॉप्टर आलं ते मतदान होऊन गेल्यावर. माझी सगळी पाकिटं उशिराच पोहोचतात, हे पण तसंच.

त्यांच्या पत्रात काय आनंद आहे, ताई. मधल्या बोटाचं त्यांनी असं लिहिलंय की मला वाचवेना. त्यांना वाटतं, वाडी तुटली पण माझी वस्तू मला पोचली. आणि मी तर ती नको म्हणून बसलो होतो. मीही त्यांच्याविरुद्ध हळद उचलून बसलो होतो.

माझं ते बारा तारखेचं पत्र त्यांच्या हाती पडता कामा नये. बहुतेक ते अजून सखूबाईच्या दुकानात साखरेच्या पोत्यावर असेल. आबा आता फारसे खाली उतरत नसतील. तू जा आणि ते घेऊन ये. फाडून टाक, चुलीत घाल, काहीही कर. मी सुट्टीवर येईन तेव्हा त्यांच्या तोंडून नाव ऐकेन, मान हलवीन आणि म्हणेन, बरोबर दिलंत. त्यांना आयुष्यभर तेवढंच कळू दे.

हे पत्र तरी वेळेत पोहोचो.

सिद्धा

---

उत्रोली,
१४ डिसेंबर

सिद्धा,

धनाजींनी युनिटच्या नंबरावर कळवलं आहे, त्यामुळे ह्या पत्राआधी तुला साहेबांनी सांगितलं असेल. आबा आहेत. जीव आहे, हे आधी वाच. पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

आठ तारखेला संध्याकाळी शेरडं एकटीच परत आली. वाडीच्या कळपात असते तर बरोबर कुणीतरी असतं. चंद्राबाईनं आरडाओरडा केला. आबा पलीकडच्या उतारावर पडलेले सापडले, कधीचे ते देव जाणे. घोंगड्याची डोली केली. कुणी मागं राहिलं नाही, एवढं मात्र सांगायला हवं. पुढच्या खांद्याला ज्ञानू होता. भोरला आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चार तास आधी आणलं असतं तर बोलले असते." ज्ञानूनं ते ऐकलं आणि भिंतीला डोकं टेकलं. प्रेरणाला नेली तेव्हाही त्यानं हेच ऐकलं होतं.

तुझं पत्र दहा तारखेला मिळालं, म्हणजे आबा दवाखान्यात असताना. तरी मी सखूबाईकडं गेले. ती म्हणाली, "अगं, ते पत्र तर म्हातारबाबानं कवाच नेलं. हितंच पायरीवर बसून वाचलं. दोनदा वाचलं. म्या च्या इचारला तर न्हाई म्हणालं, आन् वाटंला लागलं." साधारण नोव्हेंबर संपताना.

पत्र आबांच्या पैरणीच्या आतल्या खिशात होतं, घामानं मऊ झालेलं. एवढे दिवस त्यांनी ते अंगावर वागवलं आणि कुणाला सांगितलं नाही. मी दवाखान्याच्या बाकड्यावर ते ज्ञानूला वाचून दाखवलं. तो खाली फरशीवरच बसला.

"सिद्धानंबी उचलला व्हता?" म्हणाला. "मंग काकांनी आमाला सांगितलं का न्हाई?"

काय सांगतील, सिद्धा? ज्याच्यासाठी सगळ्यांशी वाकडं घेतलं त्यानंच वस्तू परत मागितली होती, हे कोणत्या तोंडानं सांगतील? त्यात ज्ञानू रस्त्याचा अर्ज घेऊन खाली गेला होता तेव्हा कुणीसं त्याला हसून म्हणालं होतं, "तुमच्या माळाचं एक मत पडलंय की. बहिष्कार कसला?" ते वाडीभर झालं होतं. त्यानंतर तर आबांशी कुणी डोळाही मिळवत नव्हतं.

ज्ञानू रडत होता. "डोलीत काकांनी दोनदा डावा हात वर केला, वर्षाताई. काहीतरी सांगत व्हते. म्या बघून न बघितल्यागत केलं. अख्खी वाट म्या एक शबुद बोललो न्हाई त्यांच्याशी." मी त्याला काय समजावणार? मलाच कुणी समजावायला हवं होतं.

डावा हात चालतो. पण मूठ सोडत नाहीत. काल मी त्यांची नखं काढायला बसले तर मधलं बोट आत दाबून धरलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी नखकात्री ठेवून दिली.

मिळेल तशी सुट्टी घेऊन ये.

ताई

---

चौकीवरून,
९ फेब्रुवारी २०२५

आबा,

हे पत्र ताई तुम्हाला वाचून दाखवील. ताई, सावकाश वाच, आणि मध्ये तुझं काही घालू नकोस.

सुट्टीत मी रोज तुमच्या खाटेशी बसलो आणि बर्फाच्या गोष्टी सांगितल्या. जे बोलायचं होतं ते राहिलं. तुमच्या तोंडाकडं बघून मला जमलं नाही. इथून जमतं.

मी माळावर गेलो होतो. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत. तिथं बिरोबापुढं सगळे जमले. तुमचं पत्र, ते मधल्या बोटाचं, मी मोठ्यानं वाचलं.  प्रेरणावहिनीचा डबा ज्ञानूच्या हातात दिला. त्यानं माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाला, "काकांना वर आण. डोली आमी उचलतो, कितींदाबी उचलतो." पण डॉक्टर वर न्यायला नाही म्हणतात. पुन्हा काही झालं तर खाली आणायला तेवढाच वेळ लागेल. रस्ता अजून कागदावरच आहे. म्हणून तुम्ही उत्रोलीतच. दाजींनी खाट वळवून डोंगराकडं तोंड केलं आहे, तेवढंच आमच्या हातात होतं. तुमची शेरडं पुन्हा वाडीच्या पाळीत जातात, चंद्राबाई बघते. तुम्हीच तेवढे तिथं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या कानाशी तोंड नेलं आणि उमेदवारांची नावं एकेक करून घेतली. तुम्हाला सांगायचं होतं, मला दिसत होतं. प्रत्येक नावाला तुमचे ओठ हलत होते आणि आवाज मात्र एकच येत होता. मग तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी थांबलो. मी विचारायलाच नको होतं. मला माफ करा.

आता नीट ऐका. माझा रद्दचा कागद भोरला मतदानानंतर पोहोचला, असं मला लेखी कळवलं आहे. उशिरा आला म्हणून तोही बाजूला ठेवला. म्हणजे तुम्ही बटण दाबलंत तेव्हा ते मत माझंच होतं आणि द्यायचा हक्क तुमचाच होता. ते यंत्रात पडलं आणि मोजलं गेलं. बारा वर्षांत माझं मोजलं गेलेलं तेवढं एकच मत. ते कुणाला गेलं हे मला आता कधी कळणार नाही. त्याचं वाईट वाटतं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पण ते तुमच्या हातानं गेलं, आणि मी ते तुमच्याच हातात दिलं होतं.

मी ठेव परत मागितली ती वेळ टळून गेल्यावर पोहोचली. तोवर तुम्ही ती जिथं द्यायची तिथं देऊन आला होतात. तुमच्याकडं माझं काही राहिलेलं नाही, आबा.

ताई लिहिते की नख पार वाढलंय, शाई सरकत टोकाला आली आहे, तरी तुम्ही मूठ सोडत नाही. रात्री झोपेत ते बोट तुम्हालाच बोचतं.

आता हात उघडा. तिला नखं काढू द्या.

तुमचा,
सिद्धा